एकशे चौऱ्याहत्तर सुया

दडवलं ते तुम्ही. ओव्हाळांनी नाही.

पोपट ओव्हाळने आपल्या मुलाच्या आजाराची वही पांढऱ्या रुमालात बांधून, दोन बस बदलून, तुमच्या यादीतल्या हॉस्पिटलात नेली आणि तपासायला आलेल्या डॉक्टरपुढे उघडून ठेवली. पानन्‌पान. त्यावर तुम्ही त्याच्या मुलाला पत्र पाठवलंत, की आपण पूर्वीचा आजार दडवला, सबब ऑपरेशनच्या खर्चास मंजुरी नाकारण्यात येत आहे. खाली सही नाही. 'हे पत्र संगणकाद्वारे तयार केलेले असल्याने सहीची आवश्यकता नाही.' म्हणजे नाही म्हणणारा माणूससुद्धा तुम्ही दडवलात. विमा कंपनीला फोन लावला तर ती म्हणते नियम वरून आलेत. वर विचारलं तर म्हणतात तो तुमचा आणि कंपनीचा करार. हॉस्पिटल म्हणतं, आम्ही फक्त कागद पुढे पाठवतो. तेव्हा इथे तिघांना मिळून एकच 'तुम्ही' पुरे आहे. अंगाला लागेल त्याने लावून घ्यावं.

पत्र शनिवारी संध्याकाळी फोनवर आलं. रविवारी अकराच्या सुमारास सगळे बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये जमले.

सुदर्शन गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसला होता, पाठीला तीन उशा. आडवं झालं की धाप लागते म्हणून गेले सोळा दिवस तो बसूनच झोपत होता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, चाकणच्या गोदामात सुपरवायझर. पगार कामगार विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आणि सुखाच्या मर्यादेपेक्षा कमी. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, दीक्षाला, अंगठ्याचं टोक दाखवून सांगितलं होतं, रक्ताला एवढी वाट हवी. मग करंगळीच्या नखाचा कोपरा दाखवला, यांची एवढी उरलीय. झडप बदलायची. गुरुवारची तारीख होती. आता नव्हती. 'गोळ्यांवर महिना काढू, त्यापुढचं मी सांगू शकत नाही,' असं डॉक्टर म्हणाले होते आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, कॅश भरणार असाल तर तारीख राहील सर. साडेसहा लाख.

दीक्षा स्वयंपाकघरात कुकर लावत होती, पण तिचं लक्ष नवऱ्याच्या घोट्यांवर होतं. सकाळपेक्षा सूज वाढली होती. चपलेचा पट्टा रुतलेला तिला इथून दिसत होता.

बेल वाजली. नणंद पूर्वा आणि तिचा नवरा तेजस. तेजसच्या हातात प्लॅस्टिकची फाईल. पाच वर्षांपूर्वी, याच घराच्या गृहप्रवेशाला, तो अशीच फाईल घेऊन आला होता आणि जेवणाआधी तिघांना पॉलिसी समजावून सांगितली होती. त्यावरून सासऱ्या-जावयात जे झालं ते झालं. तेव्हापासून आप्पा, म्हणजे पोपट ओव्हाळ, त्याला 'जावई' म्हणायचे सोडून 'प्रतिनिधी' म्हणत.

"या प्रतिनिधी," आप्पा म्हणाले. "कंपनीचा निरोप आणलात?"

"आप्पा, आज नको," पूर्वा म्हणाली.

"चहा टाकू का आधी बोलतोस?" कांताबाईंनी जावयाला विचारलं.

"आधी बोलतो, आई. वेळ नाही." तेजस चटईवरच बसला. "उद्या दुपारी चारपर्यंत फेरविचाराचे कागद वर गेले तर माझ्या ओळखीचा एक जण ते हाताने पुढे सरकवील. मंगळवार उजाडला तर फाईल मुंबईला जाते. मग विमा लोकपाल, सुनावणी, सहा-आठ महिने."

"आठ महिने," सुदर्शन म्हणाला. त्याला बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागत होता. "झडपेला सांगून ठेवतो."

"दादा, खरं सांगू का? नशीब खराब. पॉलिसीला पाच वर्षं पूर्ण झाली असती ना, तर असला जुना आजार त्यांना काढताच आला नसता. चार वर्षं पाच महिने झालेत."

"म्हणजे सात महिने मी उशिरा आजारी पडायला हवं होतं."

"तसंच काहीतरी."

"चुकलंच माझं," सुदर्शन म्हणाला, आणि हसताना त्याला खोकला आला.

"पण त्यांना जुना आजार कळला कसा?" कांताबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्या कालपासून चौथ्यांदा विचारत होत्या आणि प्रत्येक वेळी सगळे दुसरीकडे बघत.

"मी सांगितला," आप्पा म्हणाले.

*

वही टेबलावरच होती. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजून सुतं निघालेली. वर नाव नव्हतं. टोकन नंबर होता. खडकीच्या कारखान्यात माणसाला आधी नंबर, मग नाव. आप्पा तिथे काडतुसांच्या पितळी केसेस तपासायचे. केस मापाच्या गेजमध्ये बसली तर पास, नाही बसली तर लाल पेटीत, आणि पाळी संपली की चिठ्ठीवर सही. सव्वीस वर्षं त्यांनी ही सही केली. घरात कुणी विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का, तरी ते चावून, थांबून उत्तर देत.

कारखान्याच्या दवाखान्यात शिरायची एक रीत होती. आधी वही टेबलावर ठेवायची, मग स्टुलावर बसायचं. वही जितकी जाड तितका डॉक्टर जास्त वेळ देई. मागची पानं उलटी, बोट ठेवून वाचत जाई, आणि मग मान वर करून विचारी, आता कसं वाटतंय? म्हणून सुदर्शनला त्या चकाचक हॉस्पिटलात नेलं तेव्हा आप्पांनी ट्रंकेतून वही काढली, रुमालात बांधली आणि तरुण डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. 'नऊ वर्षांचा असताना सांधे सुजून ताप आला होता. तापाने हृदयाला धरलं होतं. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई. दहा वर्षं. एकशे चौऱ्याहत्तर. एक चुकवली नाही.' त्यांना वाटलं, बाई म्हणतील, शाब्बास. बाईंनी सगळ्या पानांचे फोटो काढले. आप्पांनी प्रकाश बरोबर यावा म्हणून वही स्वतः धरली.

तेच फोटो.

"जो स्वतः वही नेऊन देतो त्याने दडवलं," आप्पा म्हणाले. "हे कुठल्या शाळेतलं मराठी आहे?"

"तुम्ही हॉस्पिटलात सांगितलंत, आप्पा. अर्जात सांगायला पाहिजे होतं," तेजस म्हणाला.

"अर्ज भरला कोणी?"

पूर्वा पटकन म्हणाली, "ते नंतर. आधी उपाय काय तो ऐका ना."

नवऱ्याची बाजू घेणारं हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं याचं तिलाच आश्चर्य वाटलं. ती सरकारी रुग्णालयात नर्स होती, सतरा वर्षं. घरी रोज विमा कंपन्यांना शिव्या घालायची आणि तेजस रोज म्हणायचा, तुझ्या वॉर्डात एका कॉटवर दोन माणसं झोपतात त्याचं काय? दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण कधी संपत नव्हतं.

तेजसने फाईलमधून एक कागद काढला. टाईप केलेला, वर स्टँप. "आप्पांची एक सही. बास."

"वाच," आप्पा म्हणाले. "चष्मा आत आहे."

चष्मा त्यांच्या खिशात होता. दीक्षाने पाहिला.

तेजसने वाचायला सुरुवात केली, सवयीच्या वेगात. "मी, पोपट रखमाजी ओव्हाळ, वय बहात्तर, प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सोबतच्या वहीत 'मुलगा' असा उल्लेख असलेल्या सर्व नोंदी या माझा दिवंगत ज्येष्ठ मुलगा शंभू याच्या उपचारांच्या असून, विमाधारक सुदर्शन यास सदर आजार कधीही..."

कुकरची शिट्टी झाली. दीक्षाने गॅस बंद केला.

कांताबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण सोललेली पाकळी त्यांनी सालांत टाकली आणि साल वाटीत.

"पुढं?" त्या म्हणाल्या.

"आई, यात कुणाचं नुकसान नाही. वहीत नाव नाही लिहिलेलं. 'मुलगा' एवढंच. दोन मुलं होती हे खरं आहे..."

"पुढं वाच म्हणते."

"पुढे नेहमीचंच आहे. वरील मजकूर खरा असून वगैरे."

"शंभू कोणत्या साली गेला, ते लिहिलंय का?"

तेजसने पूर्वाकडे पाहिलं. पूर्वाने चटईची वेणी उसवायला घेतली होती.

"त्याची नोंद कुठे नाही ना, आई. गावाला गेला. ग्रामपंचायतीत कुणी लिहिलंच नाही. मी पूर्वाला विचारलं होतं. म्हणून तर हे जमतंय."

*

शंभू शहाऐंशी साली गेला. पण तो कसा गेला हे या घरात इतकं कमी बोललं गेलं होतं, की पूर्वाला ती गोष्ट फार जुन्या काळातली वाटायची. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. घसा दुखला, मग गुडघे सुजले, मग ताप. आप्पा तेव्हा ठेकेदाराच्या माणसांत होते, कारखान्याच्या आत काम, पण रोजंदारीवर. रोजंदारीवाल्याला वही नव्हती. दवाखाना भिंतीपलीकडे होता. त्यांच्या खोलीतून त्याचं कौलारू छप्पर दिसायचं. आप्पा त्या दारापर्यंत कधी गेलेच नाहीत. वही नाही तर टेबलावर ठेवायचं काय? गल्लीतल्या एकाने लाल टॉनिक दिलं. ते प्यायला शंभूला आवडायचं. दिवाळीनंतर त्याला पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, म्हणून हवापालटाला गावी नेला. गावाहून दोघंच परत आले.

सत्त्याऐंशी साली आप्पांना पक्कं केलं. अठ्ठ्याऐंशीत सुदर्शनचा घसा दुखला. गुडघे सुजले. ताप. तेच घर, तोच मोरीतला ओलावा, तोच नववा पावसाळा. मध्ये फक्त एक कागद आला होता, आणि त्या कागदामागून ही हिरवी वही.

"तेजसराव," कांताबाई म्हणाल्या. जावयाला त्या एरवी नुसतं तेजस म्हणत. "सुया कवापर्यंत हायेत वहीत?"

"अठ्ठ्याण्णवपर्यंत."

"म्हणजे तुमच्या कागदात माझा शंभू अठ्ठ्याण्णवपर्यंत जगला."

"आई, कागदावर..."

"एकोणीस-वीस वर्षांचा होऊन गेला मग. नाही, त्याच्यापेक्षाही मोठा. तो सुदापेक्षा दोन वर्षांनी थोरला. मिसरूड फुटलं होतं का हो त्याला? तेही लिहा. कॉलेजात होता का? मला कुठं माहिती." त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या लेकराला एक सुई मिळाली नाही. एक. आणि तुम्ही त्याला एकशे चौऱ्याहत्तर टोचून बसलात."

आप्पा उठून गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर भाजीवाला वजनावरून कुणाशी वाद घालत होता.

इथे कुणीतरी कागद फाडायला हवा होता. कुणी फाडला नाही. कारण खुर्चीत सुदर्शन होता, आणि तो ऐकू येईल असा श्वास घेत होता.

शेवटी दीक्षाच बोलली. बालवाडीत तीस पोरांना गप्प करणारी बाई. घरात तिचा आवाज क्वचितच निघे.

"आई, तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे. शंभूभाऊजींना मी पाहिलं नाही. त्यांना आता सुईचंही दुखणार नाही आणि खोट्याचंही. माझा माणूस इथे बसलाय. गेले सोळा दिवस मी त्याची पाठ धरून जागतेय. आप्पा, सही करा."

"वहिनी..." पूर्वा म्हणाली.

"तुम्ही बोलू नका ताई. तुमचा नवरा चटईवर मांडी घालून बसलाय. माझ्याला मांडी घालता येत नाही."

कांताबाईंनी सुनेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिचं बरोबर हाय. करा हो सही. मी आडवी येत नाही. एक आधीच दिलाय."

आप्पा आत आले. खिशातून चष्मा काढला, मग पेन. सव्वीस वर्षं ज्याने चिठ्ठीवर खोटी सही केली नाही, त्याने पेनाचं टोपण काढून मागे लावलं आणि कागद पुढे ओढला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय मात्र सुटेना. ते ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदाशी बोट थांबलं.

"सूनबाई, हे वाच गं. माझं काही चुकत असेल."

दीक्षाने वाकून वाचलं. एकदा मनात, मग मोठ्याने. "तसेच विमा अर्जातील सर्व उत्तरे विमाधारकाने स्वतः वाचून, समजून दिलेली असून त्यात प्रतिनिधीचा कोणताही दोष नाही."

ती सरळ झाली. "हे कशाला?"

"नेहमीचा मजकूर असतो वहिनी."

"तेजसभाऊजी, अर्ज कुठे भरला होतात? मला आठवतंय. खाली पार्किंगमध्ये. यांना कामावर जायची घाई होती, हेल्मेट डोक्यावर होतं. यांनी गाडीच्या सीटवर कागद ठेवून पाच ठिकाणी सह्या केल्या. मी वरून डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही टिक मारत होतात. खाली, खाली, खाली. एकदाही मान वर केली नाहीत."

"एकतीस मार्च होता," तेजस म्हणाला.

"त्याचं काय?"

"टार्गेट." त्याने फाईल बंद केली, पुन्हा उघडली. "चौतीस प्रश्न असतात. मधुमेह आहे का, नाही. हृदयविकार आहे का, नाही. समोरचा धडधाकट माणूस गाडीला किक मारतोय. त्याला काय विचारायचं, लहानपणी ताप आला होता का? आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगतात, जास्त विचारलंत तर गिऱ्हाईक बिचकतं. घेताना कुणी विचारत नाही आणि द्यायची वेळ आली की बारसं केलेल्या भटजीपासून चौकशी."

"आपल्यात भटजी नसतो," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते!" तेजसचा आवाज फाटला. "हो, मी विचारलं नाही. आणि हे वर गेलं तर माझा परवाना जाईल. दोन मुलांची फी आहे. म्हणून ती ओळ घातली. मी काय दादाचं वाईट चिंतलं? माझ्या आईचीसुद्धा पॉलिसी मीच काढलीय, तिच्या अर्जावरही चौतीस वेळा 'नाही' लिहिलंय!"

पूर्वाने चटईवरून उठून दीक्षाच्या शेजारी जागा घेतली. एवढंच केलं. पण तेजसने ते पाहिलं, आणि त्याचा चेहरा मारल्यासारखा झाला.

"म्हणजे आप्पांची सही यांच्यासाठी नव्हती," दीक्षा म्हणाली.

"दोघांसाठी होती, वहिनी. खरंच दोघांसाठी."

*

"पूर्वा," सुदर्शन म्हणाला. इतका वेळ त्याला कुणी विचारलं नव्हतं. "तुझ्याकडे घे मला."

"दादा, मी काय सांगत होते पंधरा दिवस? तुम्ही सगळे म्हणालात पॉलिसी आहे. तिकडच्या लॉबीत धबधबा आहे."

"आता घे. ते कार्ड पण झालं दाखवून." सरकारी योजनेचं कार्ड दीक्षाने शनिवारी रात्रीच फिरवलं होतं. यादीतल्या दोन खाजगी हॉस्पिटलांनी अगदी गोड बोलून सांगितलं होतं, योजनेची कॉट सध्या रिकामी नाही. दवाखाना द्यायचा तिथे सरकारनेसुद्धा कार्डच दिलं होतं. "तुझ्या दवाखान्यात होतं ना हे ऑपरेशन?"

पूर्वा फरशीकडे बघायला लागली.

"होतं ना गं?"

"व्हायचं." तिने ओढणीने नाक पुसलं. तेजसकडे न बघता बोलायला लागली. "सर्जन आहेत. दोन. चांगले आहेत, जीव ओतून करतात. थिएटर आहे. झडप पण मिळते, फुकट. पण हृदय थांबवून ऑपरेशन करायचं तर तेवढा वेळ रक्त फिरवायला मशीन लागतं. मशीन आहे. ते चालवणारा माणूस नाही. होता, खाजगीत गेला, तिकडे तिप्पट देतात. आठ महिने पद रिकामं. मशीनवर चादर घातलीय. मी रोज तिच्यावरची धूळ पुसते."

"बघ," तेजस म्हणाला, पण त्यात नेहमीचा विजय नव्हता.

"बाहेरून बोलवता येतो," पूर्वा म्हणाली. "दर ऑपरेशनला मानधन देऊन. एक जण तयारही आहे. सरांनी तसा प्रस्ताव वरच्या कार्यालयात पाठवलाय. तीन महिने झाले. फक्त सही हवी. आमच्याकडे अकरा जण थांबलेत. होते. आता नऊ."

त्या 'होते'वर दीक्षाने सुदर्शनकडे पाहिलं.

आप्पांनी पेनाचं टोपण मागून काढलं आणि निबेवर बसवलं. "एक सही?"

"हो."

"खरी?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याचं त्याने नाव लिहायचं, तारीख घालायची, अशी. तेवढीच बाकी आहे?"

"तेवढीच."

"आणि तिथे चौतीस प्रश्न?"

पूर्वाला रडता रडता हसू आलं. "केसपेपरवर नाव, वय आणि काय होतंय. तीन."

"आप्पा," दीक्षा म्हणाली, "आणि ती सही झालीच नाही तर? दोन्ही हातचं जाईल."

आप्पांनी पेन खिशाला लावलं. "जाईल," ते म्हणाले. "हे खोटं लिहून दिलं तरी ते मानतील कशावरून? ज्यांनी खऱ्या वहीवरून पोराला चोर ठरवलं, ते खोट्या कागदावरून साव ठरवतील? उद्या सकाळी दहाला मी त्या कार्यालयात जाणार. तुला चारपर्यंतचा वेळ आहे ना, प्रतिनिधी? तर तू तुझा कागद लिही. खरा."

तेजस बराच वेळ फाईलच्या प्लॅस्टिकवर नख ओढत बसला. मग त्याने प्रतिज्ञापत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. 'मी विमाधारकास अर्जातील एकही प्रश्न विचारला नाही. उत्तरे मी लिहिली.' तिथे तो थांबला.

"'त्यांनी काहीही दडवलेले नाही,'" कांताबाई म्हणाल्या. "हे पण घाल."

त्याने घातलं. सही केली. दीक्षाने कागद उचलला आणि तो वाळतोय न वाळतोय तोच फोटो काढला. "तीन प्रती काढीन," ती म्हणाली. "लोकपालाला एक. आठ महिने लागू देत नाही तर अठरा."

कांताबाईंनी पदराला हात पुसले. "चहा टाकते," त्या म्हणाल्या, आणि जाताना जावयाच्या डोक्यावरून ओझरता हात फिरवून गेल्या. लसणाचा वास राहिला.

*

सोमवारी दहाला कार्यालय उघडलं. साहेब सव्वाअकराला आले. तोवर आप्पा, कांताबाई आणि दीक्षा बाकावर बसून होते. सुदर्शनला पूर्वाने सकाळीच तिच्या वॉर्डात दाखल केलं होतं. कॉट मिळाली होती, खिडकीजवळची, एकट्याची.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने पाणी विचारलं. प्रस्ताव प्रक्रियेत आहे म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आजोबा, तुमच्या घरात कुणाचा मेडिक्लेम नाही का? बघा ना, त्यात पटकन होतं. इथे किती थांबणार?"

दीक्षा ताडकन उभी राहिली. आप्पांनी तिला हाताने बसवलं.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि हिरवी वही साहेबांच्या टेबलाच्या काचेवर ठेवली. आधी वही, मग बसायचं. पण खुर्ची कुणी पुढे केली नव्हती, म्हणून ते उभेच राहिले. वही त्यांनी शेवटच्या लिहिलेल्या पानाशी उघडली. तारखांचा एक रकाना, सह्यांचा एक. निळ्या, काळ्या, काही पुसट.

"हे माझ्या मुलाचं आहे," आप्पा म्हणाले. "एकशे चौऱ्याहत्तर सुया, एकशे चौऱ्याहत्तर सह्या. यातल्या एकाही माणसाने मला विचारलं नाही की तू आधी काय लिहून दिलं होतंस. पोरगं आजारी आहे, एवढं त्यांना पुरलं. मी शिपाई असतो तरी तेवढंच, साहेब असतो तरी तेवढंच. माझा थोरला याच्या आधी गेला, कारण तेव्हा माझ्याकडे वही नव्हती. तेव्हा मी विचारलं नाही. कुणाला विचारायचं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"आजोबा, तुमच्या भावना..."

"भावना घरी ठेवून आलोय. त्यांना इथे टोकन मिळत नाही." त्यांनी पेन काढलं, टोपण काढलं आणि वहीतल्या मोकळ्या ओळीवर आडवं ठेवलं. "ही एकशे पंचाहत्तरावी ओळ. मशीन आहे, सर्जन आहेत, माणूस यायला तयार आहे, नऊ जण थांबलेत. तुम्ही सही करणार आहात की नाही? करणार असाल तर तारीख लिहा. नसाल तर 'नाही' लिहा, आणि त्याखाली तुमचं नाव लिहा, पूर्ण. संगणकाची सही मी घेणार नाही."

साहेबांनी दाराबाहेर पाहिलं. दारात गर्दी जमली होती. शिपाई तिला हटवत नव्हता, तोही ऐकत होता.

"बोला," आप्पा म्हणाले. "हो की नाही?"